पूर्व रेल्वेतून मध्य रेल्वेत : एका इंजिनाची बदली

आमच्या घरातील काचेच्या कपाटात वाफेच्या इंजिनाची एक प्रतिकृती आहे. पत्रा आणि पितळ यांची, टेंडरसह साधारण हातभर लांबीची. आजोबा रेल्वेच्या हिशेब खात्यात हावड्याला नोकरीस होते. १९५८ साली बदली होऊन इकडे येताना त्यांनी तेथील एका कारागिराकडून ती करून घेतली, एवढेच घरात सर्वांना ठाऊक. इंजिन काळे, कडेच्या लांब पट्टीवर बाटलीसारखा गडद हिरवा रंग, टेंडरवर पिवळ्या अक्षरांत ‘पू. रे.’ अशी खूण. लहानपणी मला त्या अक्षरांचे कोडे वाटे. पुढे कळले की ती ‘पूर्व रेल्वे’.

आमच्या इतिहास मंडळाने १६ एप्रिलच्या निमित्ताने रेल्वेवर प्रदर्शन भरवावयाचे ठरविले. १८५३ साली याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी आली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. प्रदर्शनात मांडण्यासाठी तक्ते भरपूर होते, वस्तू मात्र एकही नव्हती. तेव्हा मी पुढे होऊन म्हणालो, “आमच्या घरी इंजिन आहे. फक्त ते पूर्व रेल्वेचे आहे. रंगवून मध्य रेल्वेचे करू.” या वाक्यातील ‘फक्त’ हा शब्द मला पुढे फार महाग पडला. प्रस्तुत लेख त्या ‘फक्त’विषयी आहे.

प्रथम हे इंजिन कोणते ते सांगितले पाहिजे. पुढचे नाक बंदुकीच्या गोळीसारखे गोल, त्यावर चांदीच्या रंगाचा तारा, पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन लहान. ही ओळख पटली की संशय राहत नाही : हे डब्ल्यूपी जातीचे इंजिन. ‘डब्ल्यू’ हे रुंदमापी रुळांचे अक्षर आणि ‘पी’ प्रवासी गाड्यांचे. या जातीची पहिली सोळा इंजिने १९४७ साली अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून आली. पुढे ती कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया येथूनही आली आणि १९६३ पासून चित्तरंजनला बनू लागली. एकूण ७५५ इंजिने झाली व ती देशभर पसरली. म्हणजे पूर्व रेल्वेवर जे इंजिन धावत होते त्याचेच सख्खे भावंड मध्य रेल्वेवरही धावत होते. माझ्या कामाचा सारा आधार हा होता, आणि तो खरा होता. हौशी लोक पुष्कळदा येथेच फसतात. दुकानातले विलायती इंजिन आणावयाचे, त्याला काळा रंग द्यावयाचा आणि आपल्या रेल्वेची अक्षरे लिहावयाची. अशाने धोतर नेसविलेला साहेब तयार होतो, दुसरे काही नाही. एका रेल्वेचे इंजिन दुसरीचे करावयाचे तर ती जात दोन्हीकडे प्रत्यक्ष असली पाहिजे. ही अट माझ्या इंजिनाने पुरी केली होती, आणि बहुधा त्यामुळेच बाकीच्या गोष्टींत मी बेफिकीर झालो.

आता जुना रंग न काढता त्यावरच नवा का दिला नाही, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. ब्रशाने दिलेल्या तैलरंगाचा एक हात वाळल्यावर साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीचा थर सोडतो. असे चार हात झाले की ०.१२ मिलिमीटर. ही जाडी काहीच नव्हे असे वाटते. परंतु प्रतिकृती जर खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्श्याने असेल तर तो थर खऱ्या इंजिनावर सहा मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखा होतो! त्याखाली रिव्हेटांची डोकी बुडतात, पत्र्याच्या कडा गोल होतात आणि इंजिन साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत दिसू लागते. तेव्हा जुना रंग उतरविणे हे कारागिरीच्या दृष्टीने बरोबरच होते. एका रविवारी गच्चीवर बसून मी थिनर आणि कापूस घेतला आणि दोन तासांत इंजिन उघडे पाडले. (येथे एक सूचना : पत्रा-पितळेला थिनर चालते, प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीला चुकूनही लावू नये, रंगाबरोबर इंजिनही विरघळते.) कापसाचे बोळे आधी काळे, मग हिरवे, मग पिवळे होत गेले. आजी कुरडया वाळत घालावयास वर आली होती. तिने बोळ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, “रंग उडाला नव्हता रे त्याचा.” मी म्हणालो, “आजी, नवा देतोय.” ती काही बोलली नाही.

माझे पहिले रंगकाम वर्णन करण्याच्या लायकीचे नाही, पण अभ्यासलेख म्हटल्यावर चुका सांगितल्याच पाहिजेत. मी बाजारातून चकचकीत काळा तैलरंग आणला. कडेच्या पट्टीला लाल रंग दिला, कारण घरातील एका जुन्या कॅलेंडरवर लाल पट्ट्याचे इंजिन होते. चाकांना जोडणारे दांडे चंदेरी रंगविले. टेंडरवरची अक्षरे संगणकावर छापून कापून चिकटविली. इंजिन इतके चमकू लागले की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. मला ते फार आवडले.

प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी एका वर्गमित्राने मला कल्याणला त्याच्या आजोबांकडे नेले. ते १९७० साली भुसावळच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, पुढे फायरमन झाले आणि विजेच्या इंजिनाचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. मी मोठ्या तोऱ्यात पिशवीतून इंजिन काढून टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ पाहत राहिले.

“कुठलं म्हणायचं हे?”

“मध्य रेल्वेचं, आजोबा.”

“मध्य रेल्वे केवढी मोठी! शेड कुठलं? साल कुठलं?”

मला उत्तर देता आले नाही.

“आणि दिवस कुठला? धुऊन पुसून काढलेला, का पंधरा दिवस लाइनीवर राबलेला?” मग हसून म्हणाले, “बाळ, हे इंजिन लग्नाला निघालंय. कोळसा खाल्लेला दिसत नाही.”

त्यांनी मग एकेक जागा बोटाने दाखविली. समोरचा धुराचा भाग, ज्याला शेडमध्ये स्मोकबॉक्स म्हणत, तो बॉयलरइतका कधीच चमकत नाही. आतील उष्णतेने त्यावरचा रंग भाजतो आणि मळकट राखाडी-तपकिरी होतो. दांडे चंदेरी नसतात, ते नुसते घासलेले पोलाद असते आणि त्यावर तेलाची पिवळसर साय असते. चाकांवर ब्रेकच्या झिजलेल्या लोखंडाची तांबूस-तपकिरी धूळ बसते. राख पडते तेथे आजूबाजूला सारे करडे. पाणी जड असले तर सांध्यांतून झिरपलेल्या पाण्याचे पांढरे ओघळ वाळून राहतात. टेंडरच्या वरच्या कडेला कोळसा आपटून आपटून रंग निघालेला असतो व तेथे गंज येतो. “आणि चमक म्हणशील तर ती होती,” ते म्हणाले, “पण रंगाची नाही. तेलात बुडवलेल्या वेस्टनं आम्ही पुसायचो ना, त्याची.” वेस्ट म्हणजे सुताचा गुंता. आपल्या भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात कोपऱ्यात ढीग पडलेला असतो तोच. तेलाची चमक आणि व्हार्निशची चमक वेगळी असते : तेलाची चमक असमान, हाताच्या फेऱ्यांप्रमाणे कमीअधिक, व्हार्निशची सरसकट.

लाल पट्टीबद्दल मी विचारले. ते म्हणाले की त्यांच्या आठवणीतील इंजिने बहुतेक काळीच, आणि सजावट ही शेडची हौस असे. कोणी ताऱ्याला चांदीचा रंग देई, कोणी पितळेचे पट्टे घासून लखलखीत ठेवी. “तू कॅलेंडरवाल्याचं ऐकलंस. त्यानं कुणाचं ऐकलं ते विचारलंस का?”

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठी चपराक दुसरी नाही. वर्गात आम्ही प्राथमिक साधने आणि दुय्यम साधने यांवर दहा गुणांचे उत्तर लिहितो. हातात ब्रश आल्यावर मी ते सारे विसरलो होतो.

घरी येऊन मी प्रथम केले ते, जे सर्वांत आधी करावयास हवे होते. मोजपट्टी घेऊन इंजिन मोजले. टेंडरसह लांबी ४८ सेंटिमीटर. खरे डब्ल्यूपी इंजिन टेंडरसह सुमारे २४ मीटर लांब असते. म्हणजे प्रमाण बरोबर पन्नासास एक. मोठ्या चाकाचा व्यास ३४ मिलिमीटर भरला. खऱ्याचा ५ फूट ७ इंच, म्हणजे १७०२ मिलिमीटर. त्याला पन्नासाने भागले की ३४ येतात. चाकांमधील अंतर मोजले. आपल्या रुंदमापी रुळांची रुंदी १६७६ मिलिमीटर असते, पन्नासाने भागल्यास साडेतेहतीस. प्रतिकृतीची चाके याच मापाच्या रुळावर बसतील अशी होती. हे पाहून मी थक्क झालो. कारण तयार मिळणाऱ्या परदेशी प्रतिकृतींतही ही काळजी घेणे शक्य नसते. जगभर लोकप्रिय असलेले १:८७ हे प्रमाण घ्या. पुण्याला कोथरूडमध्ये कै. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले व १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय याच प्रमाणात आहे. या प्रमाणातील रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुळांवरून घेतलेले आहेत. आपली रुंदमापी गाडी त्यावर ठेवावयाची तर रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचे हवेत. हौशी मंडळी हा फरक समजून उमजून पोटात घालतात, आणि त्यात गैरही काही नाही. पण हावड्याच्या त्या कारागिराने तो पोटात घातला नव्हता. त्याने कुठल्या तरी यार्डात उभे राहून, किंवा आराखडा मिळवून, खरे माप घेतले होते.

आणि ज्या माणसाने चाकाचा मिलिमीटर चुकविला नाही, त्याने पट्टीचा हिरवा रंग मनाला येईल तसा दिला असेल काय?

हा प्रश्न मनात आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मला झोप लागली नाही.

विचार करा. टेंडरवर ‘पू. रे.’ होते. पूर्व रेल्वे हा विभाग १४ एप्रिल १९५२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी ही अक्षरे असणे शक्य नाही. आजोबा १९५८ साली हावडा सोडून आले. त्यानंतरचेही ते नाही. म्हणजे या सहा वर्षांच्या आत, हावड्याला, डोळ्यांसमोर रोज डब्ल्यूपी पाहणाऱ्या एका काटेकोर माणसाने त्या इंजिनाचा रंग पत्र्यावर उतरविला होता. त्या काळातील छायाचित्रे बहुतेक कृष्णधवल. कृष्णधवल छायाचित्रात गडद हिरवा, गडद लाल आणि गडद निळा हे तिन्ही जवळपास एकाच करड्या छटेचे दिसू शकतात. त्याहून जुन्या, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काचेच्या फिल्म तर लाल रंगाला जवळजवळ आंधळ्याच होत्या. त्यात लाल काळा दिसतो आणि निळे आकाश पांढरे. विलायती कारखाने तर नवे इंजिन छायाचित्रात नीट उठून दिसावे म्हणून आधी करड्या रंगाने रंगवून त्याचा फोटो काढीत आणि मग खरा रंग देत! रंगीत चित्रपट पाहावा तर त्याचेही भरवशाचे नाही. ‘शोले’तील आगगाडीचा प्रसंग आपल्या पनवेलच्या बाजूस चित्रित झाला, तो १९७५ सालचा रंगीत पुरावा म्हणता येईल, पण त्या काळच्या रंगीत प्रती वर्षानुवर्षांनी फिकट होऊन लालसर पडतात आणि काळ्यालाही तांबूस झाक येते. संग्रहालयातील खरी इंजिने गंजू नयेत म्हणून वेळोवेळी रंगवावी लागतात. त्यांचा आजचा रंग हा शेवटच्या रंगाऱ्याचा असतो. अशा सर्व डळमळीत साधनांमध्ये माझ्या कपाटातील सत्तर वर्षांपूर्वीचा हिरवा पट्टा हा एक साक्षीदार होता. तो मी कापसाने पुसून गच्चीवरून खाली टाकला होता.

“रंग उडाला नव्हता रे त्याचा.” आजीच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला. तिला इतिहासाची साधने म्हणावयाची नव्हती. पण आजोबांच्या हाताने पुसली जाणारी वस्तू तिने साठ वर्षे पाहिली होती, आणि ती मी तिच्यासमोर खरवडली.

दुसऱ्या दिवशी मी भिंग आणि विजेरी घेऊन इंजिन उलटेसुलटे तपासले. पट्टीचा पत्रा खाली जेथे आत दुमडलेला आहे तेथे, थिनर पोचले नव्हते अशा बोटभर लांबीच्या जागी, हिरवा रंग शिल्लक होता. टेंडरच्या तळाशी ‘पू’चा उकार अर्धा ओघळून वाळला होता, त्याचा पिवळा ठिपकाही सापडला. मोजून दोन जागा. त्या दोन्हींवर मी चिकटपट्टी लावली आणि ठरविले की येथे यापुढे ब्रश जाणार नाही. जुन्या वास्तूंच्या व मूर्तींच्या दुरुस्तीतही मूळ थराचा एखादा तुकडा असाच मुद्दाम राखून ठेवतात, हे मी नंतर वाचले.

या हिरव्या रंगाची नोंद करून ठेवणे जरूर होते. डोळ्यांनी ‘बाटलीहिरवा’ म्हटले तर प्रत्येकाची बाटली वेगळी. आमच्या गल्लीत डाइंगच्या कारखान्यात शेड जुळविण्याचे काम करणारे एक काका राहतात. त्यांना इंजिन दाखवावयास रात्री गेलो तर म्हणाले, “आत्ता नाही. सकाळी ये, दहानंतर, उन्हात नाही, उत्तरेच्या खिडकीत.” त्यांचे कारण ऐकण्यासारखे आहे. दोन रंग ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळतात आणि दिवसाच्या उजेडात नेताच वेगळे पडतात. कारण दोन्ही रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असतात आणि प्रत्येक प्रकाशात ते सारखाच उजेड परत फेकीत नाहीत. कापडाचा अख्खा लॉट अशाने परत येतो, म्हणून डाइंगमधील माणूस हे कधी विसरत नाही. रंगाच्या दुकानातील दिव्याखाली रंग पसंत करणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र हे कोणी सांगत नाही. सकाळी त्यांनी आपल्या शेडकार्डांतून दोन पट्ट्या काढल्या, शिल्लक रंग या दोहोंच्या मधला, किंचित काळ्याकडे झुकलेला आहे असे सांगितले, आणि त्याप्रमाणे मी पुठ्ठ्यावर रंग मिसळून नमुना तयार केला. चार वेळा फसला, पाचव्यांदा जुळला. त्यांनी आणखी एक इशारा दिला : पिवळट पडलेल्या व्हार्निशखाली मूळ रंग असतो त्याहून हिरवा व गडद दिसतो. म्हणून वहीत मी ‘आज दिसतो तसा’ असे लिहिले आहे.

आता दुसरे रंगकाम. यावेळी ब्रशाआधी साल ठरविले. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी., निजामाची रेल्वे, शिंदे सरकारची रेल्वे आणि धोलपूर रेल्वे एकत्र करून झाली. तेव्हापासून वाफेची इंजिने मोडीत निघेपर्यंत कोणतेही साल घेता आले असते. मी १९७२ घेतले, कारण त्या सालचा साक्षीदार कल्याणात जिवंत होता. जागा भुसावळ. मुंबईकडच्या डोंगर उतरणाऱ्या मेल गाड्यांना १९३० पासून विजेची इंजिने लागत, त्यामुळे इगतपुरीच्या अलीकडे डब्ल्यूपी दाखविणे हीच चूक झाली असती. भुसावळहून इटारसीकडे मात्र ती धावत. दिवस : पुसून चार दिवस झालेले. आजोबा म्हणाले तसे, “ना नवरदेव, ना भिकारी.”

पुन्हा थिनर, पुन्हा कापूस. यावेळी चिकटपट्टीच्या जागा सोडून. मग भांड्याच्या साबणाने धुऊन दोन दिवस वाळविले, कारण बोटाचा तेलकट डागही वर रंग धरू देत नाही. त्यावर करड्या प्रायमरचा अगदी पातळ फवारा. मग काळा. येथेच सर्वांत अधिक शिकावयास मिळाले. डब्यातील शुद्ध काळा लहान वस्तूवर काळा दिसत नाही, भोक दिसतो. पन्नासास एक या प्रमाणाची वस्तू आपण अर्ध्या मीटरवरून पाहतो, तेव्हा खरे इंजिन पंचवीस मीटरवरून पाहिल्यासारखे ते दिसावयास हवे. पंचवीस मीटरवरचा काळा हा मधल्या उजेडाने आणि धुळीने थोडा फिकट झालेला असतो. अनेक चाचण्यांनंतर माझे मिश्रण ठरले ते असे : नऊ भाग काळा, एक भाग पांढरा आणि काडीच्या टोकावर मावेल एवढा तपकिरी. स्मोकबॉक्ससाठी पांढरा आणि तपकिरी दुप्पट. टेंडरसाठी त्याहून थोडा निळसर, कारण ताज्या कोळशाच्या भुकटीत निळसर झाक असते. एका इंजिनावर चार प्रकारचे काळे झाले. पाहणाऱ्याला ते चार आहेत हे कळू नये आणि एकच आहे असेही वाटू नये, एवढी काळजी घ्यावी लागते. पुढची आडवी पट्टी, जिच्यावर बफर असतात, ती लाल. तीही विटेकडे झुकणारी, कुंकवाकडे नव्हे.

अक्षरांसाठी महामार्गालगत ट्रकवर नंबर व नक्षी रंगविणाऱ्या एका पेंटरकडे गेलो. त्याने माझी संगणकाची अक्षरे पाहिली आणि नाक मुरडले. “हे छापलंय. त्या काळी हातानं लिहायचे. हाताच्या अक्षराला सुरुवात आणि शेवट असतो.” खरेच होते. ब्रशाने लिहिलेल्या ‘म’ची काना-रेघ वर टेकते तेथे जाड आणि खाली सुटताना किंचित बारीक असते. छापील अक्षराची जाडी सारखी. शिवाय रेल्वेचे देवनागरी हिंदी वळणाचे. सराव म्हणून मी कागदावर ‘मध्य रेल’ लिहिले तेव्हा माझ्या हाताने आपसूक मराठी वळणाचा ‘ल’ काढला, आणि पेंटरने तो खोडून हिंदी वळणाचा काढून दाखविला. टेंडरवर ‘म. रे.’ एवढेच आले म्हणून बचावलो! (या दोन अक्षरांवरून वृत्तपत्रांत ‘मरे’ची किती चेष्टा होते ते लोकलने येणाऱ्यांस सांगावयास नको.) खऱ्या टेंडरवर फूटभर उंचीचे अक्षर असेल तर येथे ते सहा मिलिमीटर होते. पेंटरने डाव्या हाताखाली काठी धरून, श्वास रोखून, दोन अक्षरे सहा मिनिटांत लिहिली. त्यानेच सांगितले की पांढरा पांढरा घेऊ नकोस, त्यात थेंबभर पिवळा टाक. बारीक रेघांसाठी मी कंपासपेटीतील जुना रूलिंग पेन वापरला. त्यात रंग दुधाइतका पातळ करून भरावा लागतो. इंजिनाचा क्रमांक भुसावळच्या एका जुन्या कृष्णधवल छायाचित्रात वाचता आला तोच घातला, स्वतःच्या मनचा नाही.

शेवटी निस्तेज व्हार्निश आणि त्यावर धूळ. लाल-तपकिरी खडूची पूड चाकांना, राखाडी पूड राखेच्या जागी, एका सांध्याखाली पांढऱ्या रंगाचा एकच ओघळ. मला तीन ओघळ काढावयाचा मोह झाला होता. मळ रंगविताना हात थांबत नाही, हा माझा अनुभव. पहिल्या खेपेस मी चकचकाटात वाहवलो होतो, दुसऱ्या खेपेस घाणीत वाहवलो असतो. बॉयलरवर मात्र कापडाच्या चिंधीने तेलाचा एक हलका हात फिरविला, क्लीनरच्या हाताच्या दिशेने, पुढून मागे.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी कल्याणचे आजोबा आले. त्यांनी इंजिन उचलले नाही, टेबलाच्या उंचीवर डोळे आणून पाहिले. मग नाकावरच्या ताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हा एवढा चांदीचा नको. आमच्याकडे रविवारीच घासायचे.” मी बोटाने थोडा तपकिरी लावला. ते म्हणाले, “हां.”

इंजिनाखालच्या कार्डावर काय लिहावे यावर आमच्या मंडळात वाद झाला. काही जणांचे म्हणणे, ‘मध्य रेल्वे, डब्ल्यूपी इंजिन, १९७२’ एवढे पुरे. मला ते खोटे वाटले. अखेर कार्डावर पुढील मजकूर गेला : प्रतिकृती हावडा येथे १९५२ ते १९५८ च्या दरम्यान, पूर्व रेल्वेच्या रंगात तयार झाली, मूळ रंग पुनर्रंगकामात नष्ट झाला, शिल्लक अंश पट्टीच्या आतील बाजूस राखला आहे, सध्याचे रंग एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या आठवणीवरून, भुसावळ, १९७२. ‘नष्ट’ हा शब्द ठेवावा की ‘बदलला’, यावर पुन्हा अर्धा तास गेला. ‘नष्ट’ ठेवला.

प्रदर्शन संपल्यावर इंजिन घरी आणून कपाटात ठेवले. शेजारी हिरव्या नमुन्याचा पुठ्ठा, तारखेसह, पाकिटात. आजीने दुसऱ्या दिवशी कपाट पुसताना ते पाकीट उघडले, पुठ्ठा खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाली, “थोडा अजून काळपट होता.” मी वहीत तिच्या नावाने, तारीख घालून, तेही लिहून ठेवले आहे.